नाक्यावर अडलेले गाणे

बंगळूर आणि जपान यांचा व्यवहार यंत्रांच्या वाटेने वाढला. 1961 साली हिंदुस्थान मशीन टूल्सने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने येथे मनगटी घड्याळांचा कारखाना काढला, आणि 1997 साली, ज्यांचे नाव मराठी शेतकऱ्याला लोखंडी नांगरापासून परिचित आहे त्या किर्लोस्कर घराण्याने टोयोटाशी भागीदारी करून शहरालगतच्या बिडदी येथे मोटारींचा उद्योग आरंभिला. परंतु हे घड्याळ आणि ही मोटार ज्या देशातून आली त्या देशाचे लोक गातात काय, याची वार्ता या शहरास पुष्कळ काळ नव्हती, आणि ती पुढे आली तीही कोणा गवयाच्या कीर्तीमुळे नव्हे, तर मुलांच्या चित्रमालिकांमुळे.

जपानात चित्रमालिकेला गीत जोडण्याची वहिवाट पडली त्याला साठ वर्षे उलटून गेली. 1 जानेवारी 1963 रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका फुजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि तिचे शीर्षकगीत लिहिले ते शुन्तारो तानिकावा या अव्वल दर्जाच्या कवीने. मुलांचे काम म्हणून ते कोणा मुनशीकडे सोपविले गेले नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या काळी सोनोशीट नावाची, पुठ्ठ्याहून पातळ व सहज वाकणारी तबकडी चित्रांच्या पुस्तकात घालून स्वस्तात विकली जाई, आणि पडद्यावरचे गाणे अशा रीतीने घरातल्या फोनोग्राफवर येऊन बसे. पुढे या गीतांना सुमारे दीड मिनिटाची मर्यादा पडली. एवढ्या अवकाशात प्रस्तावना, कडवे, ध्रुवपद आणि समाप्ती सारे उरकावयाचे, आणि शिवाय पडद्यावर धावणाऱ्या चित्रांशी ताल राखावयाचा, हे बंधन इतके कडक की त्यातून एक स्वतंत्र रचनाशैलीच निपजली. 1972 च्या ‘माझिंगर झेड’चे गीत इचिरो मिझुकी यांनी ज्या आवेशाने गायिले, तो आवेश हा या शैलीचा पूर्वार्ध होय. उत्तरार्ध व्यापाऱ्यांनी लिहिला. दर आठवड्यास ठरल्या वेळी, असंख्य घरांत, आपले गाणे विनामूल्य वाजते आहे हे ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या ध्यानी आल्यावर त्यांनी आपले प्रतिष्ठित गायकच या कामी धाडले; 1983 मध्ये आन्री या गायिकेचे ‘कॅट्स आय’ विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेले, आणि 1990 साली ‘चिबी मारुको-चान’ या बालमालिकेचे ‘ओदोरु पोंपोकोरिन’ हे गाणे जपानात वर्षातील सर्वाधिक खपाचे ठरले.

भारतात मात्र चित्र आले आणि गाणे जकातनाक्यावर अडले. निप्पॉन ॲनिमेशनची मोगलीची मालिका दूरदर्शनने 1993 च्या सुमारास हिंदीत दाखविली तेव्हा तिचे जपानी गीत गळले आणि त्या जागी गुलजारांचे शब्द व विशाल भारद्वाजांची चाल आली. शेरखानाला आवाज दिला तो आपल्या नाना पाटेकरांनी. ती चाल इतकी सरस उतरली की गळलेल्या मूळ गीताची कोणास आठवणही झाली नाही, आणि बंगळुरातल्या कानडी, तमिळ वा मराठी घरांतील मुलांनी जपानी मालिका पाहिली ती जपानचा एक स्वरही कानी न पडता. हा दोष द्यावा तरी कोणाला? डोरेमॉन आणि शिनचान यांचीही पुढे हिंदी गाण्यांवरच बोळवण झाली.

2005 पासून मात्र बंगळुरात ‘जपान हब्ब’ हा उत्सव भरतो, आणि जपानी भाषेचे येथील विद्यार्थी त्यात भाग घेतात; तेथे जपानी गाणे अनुवादाच्या आश्रयावाचून उभे राहते. ऑक्टोबर 2019 मध्ये माकोतो शिन्काई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट रसिकांनी सह्यांचा अर्ज केल्यावर भारतीय चित्रगृहांत आला, तो मूळ भाषेत. त्यामुळे रॅडविम्प्स या वाद्यवृंदाची गीते प्रेक्षकांनी जशीच्या तशी ऐकली. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये ‘डेमन स्लेयर’चा चित्रपट मोठ्या थाटाने प्रदर्शित झाला, तेव्हा मूळ जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू संवादांची सोय झाली होती, ज्या शहरात हब्ब भरतो त्या शहराच्या कन्नडची पाळी मात्र तेव्हाही आली नाही.