हस्तांदोलन

ब्राम फिशर यांचा जन्म १९०८ सालचा, प्रतिष्ठित आफ्रिकानेर घराण्यातला. आजोबा तेव्हा ऑरेंज रिव्हर वसाहतीचे पंतप्रधान होते. बालपणी शेतावर कृष्णवर्णीय मुलेच त्यांचे सवंगडी. तारुण्याच्या उंबरठ्यावर मात्र ब्लूमफाँटेनमधील एका सभेत कृष्णवर्णीयाचा हात हाती घेताना त्यांना शिसारी आली. त्या रात्री ते विचार करीत राहिले : बदलले कोण? ते सवंगडी नव्हेत, आपणच. वर्णद्वेष उपजत नसतो, तो अंगी बाणवला जातो, हे त्यांना उमगले.

१९६३-६४च्या रिव्होनिया खटल्यात मंडेला व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बचावाचे नेतृत्व त्यांनी केले. १९६६ साली स्वतः आरोपी म्हणून निवेदन करताना त्यांनी तोच प्रसंग सांगितला. शिक्षा झाली जन्मठेपेची. १९७५ साली ते वारले, तेव्हा त्यांची रक्षाही तुरुंग खात्याने ताब्यात घेतली.