कपाचा कान

जुन्या इंग्रजी कपबश्या जमवणं म्हटलं की डोळ्यापुढे येतो मुंबईतला एखादा पारशी बंगला, काचेचं कपाट आणि त्यात सोनेरी काठाचा अख्खा टी-सेट. हातखंबा डोळ्यापुढे येत नाही. हातखंबा म्हणजे लोकांच्या लेखी मुंबई-गोवा रस्त्यावरचा तिठा. रत्नागिरीला वळायचं की सरळ पालीकडे जायचं, एवढं ठरवायची जागा. त्यात गाडी थांबवून चहा.

पण या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या फडताळात, माळ्यावरच्या ट्रंकेत, पाठीवर 'इंग्लंड' छापलेली एखादी बशी निघते. सेट वगैरे काही नाही. दोन बश्या, एक कप, कधी नुसतंच झाकण (किटली कधीच फुटलेली). मुंबईला गिरणीत किंवा गोदीत असलेल्या कोणी चाकरमान्याने आगबोटीने रत्नागिरी बंदरात आणि तिथून बैलगाडीने घरी आणलेली. हायवेच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची घरं आणि टपऱ्या हलल्या तेव्हा त्यांतलं बरंच सामान भंगारात गेलं. सागवानी दारांना गिऱ्हाईक असतं. कपबश्यांना नसतं.

मला हा नाद लागला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. तिथे बुधवारी आणि रविवारी पथारीवर सगळं मिळतं. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला आवडावी अशी एक गोष्ट या भांड्यांत आहे, ती म्हणजे पाठीवरचा छाप. हा छाप म्हणजे चक्क व्हर्जन नंबर!

थोडक्यात सांगतो. १८४२ ते १८८३ या काळातल्या नोंदणी केलेल्या नक्षीवर पतंगाच्या आकाराची खूण असते आणि तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून वर्ष, महिना, दिवस निघतो. १८८४ पासून सरळ १ पासून आकडे सुरू झाले, ते १९०० साल उजाडेपर्यंत साडेतीन लाखांच्या वर गेले. 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसायला लागतो तो १८९१ पासून, कारण अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या मॅकिन्ली जकात कायद्यात आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. 'मेड इन इंग्लंड' असं पूर्ण लिहिलेलं असेल तर माल बहुतेक विसाव्या शतकातला. म्हणजे गंमत बघा, हातखंब्याच्या बशीवरचा शब्द वॉशिंग्टनच्या कायद्यामुळे आलेला. वूस्टरच्या कारखान्याने तर १८९२ पासून छापाभोवती दरवर्षी एक ठिपका वाढवायला सुरुवात केली. १९१५ पर्यंत २४ ठिपके झाले, मग जागा पुरेना म्हणून पुढच्या वर्षी चांदणी काढून नव्याने सुरुवात. हे डिझाइन ज्याने केलं त्याला आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये कोणी पास केलं नसतं :-)

दुसरी परीक्षा उजेडाची. बशी खिडकीकडे धरायची आणि मागे बोटं हलवायची. बोटांची सावली आरपार दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. दिसली नाही आणि झिलईवर बारीक भेगांचं जाळं असेल तर ती साधी पांढरी माती. आपल्याकडे सापडतं त्यातलं बहुतेक हे दुसऱ्या प्रकारचं, स्टॅफर्डशरच्या कारखान्यांचा निर्यातीचा स्वस्त माल. कोकणात राजघराण्याचा सेट सापडेल अशा आशेने कोणी फिरू नये. ज्यांना तसलं बघायचंय त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली चिनी, जपानी, युरोपीय भांडी तिथे आहेत.

आता या कपाचा मूळ इतिहास जरा बघू, कारण पुढच्या गोष्टीला तो लागतो. चहा चीनचा, भांडंही चीनचं. चिनी वाटीला कान नव्हता, आणि इंग्रजांनी सुरुवातीला तशाच बिनकानाच्या वाट्या बनवल्या. चेल्सीचा कारखाना १७४५ च्या सुमाराचा, वूस्टरचा १७५१ चा. अठराव्या शतकात सेट विकायचे त्यात चहाची एक वाटी, कॉफीचा एक कप आणि दोघांत मिळून बशी एकच. १७८४ मध्ये इंग्लंडने चहावरची जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चहा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबवली. मागणी वाढलेली आणि बाहेरचा माल बंद, मग देशी कारखानदारांची चांदीच.

आणि बशीतून चहा पिणं! आपल्याकडे ऑफिसात कोणी बशीत ओतून फुरका मारला की लोक हसतात, गावठी म्हणतात. अहो, इंग्रज स्वतः तेच करत होते. जुन्या बश्या वाडग्यासारख्या खोल असायच्या त्या उगाच नव्हे. बशीतून पिताना ओला कप टेबलावर टेकवायला वेगळी चिमुकली ताटलीसुद्धा मिळायची, खास करून अमेरिकेला जाणाऱ्या मालात. पुढे साहेबाने ती पद्धत सोडली आणि आपण धरून ठेवली.

बोन चायना हा खास इंग्रजी शोध. जोसाया स्पोडच्या कारखान्यात १७९० च्या दशकात त्याची कृती बसली. निम्मी हाडांची राख, पाव भाग चिनी माती, पाव भाग कॉर्नवॉलचा दगड. हाडं कोणाची? गुराढोरांची. म्हणजे जो कप जितका उंची, जितका दुधासारखा पांढरा, तितका तो सोवळ्यात न बसणारा. कोकणातल्या जुन्या कर्मठ घरांत चिनी मातीचा कप स्वयंपाकघराच्या आत येत नसे. पितळेचं भांडं राखेने, चिंचेने घासलं की शुद्ध होतं. मातीचं भांडं विटाळलं की टाकून द्यायचं. आणि हे झिलईवालं चिनी प्रकरण? ते यात नाही आणि त्यात नाही. म्हणून चहा फुलपात्रात. लोणच्याला मात्र चिनी मातीची बरणी सगळ्यांना चालायची, तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. शास्त्राला सोय कळते ती अशी.

हा नुसता घरगुती सोवळ्याओवळ्याचा विषय राहिला नाही. त्यावरून खटलाच झाला, आणि त्यात अडकलेल्यांपैकी एक जण आमच्या रत्नागिरीचा, बाळ गंगाधर टिळक. त्यासाठी जरा घाट चढून पुण्याला जाऊ.

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली मोठी माणसं गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हात लावून यजमानांचा मान राखला. यामागे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी हजर असलेल्यांची चाळीसच्या वर नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले आणि जे सुरू झालं ते चहा-ग्रामण्य म्हणून ओळखलं जातं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या सुधारक मित्रांना ते फार लागलं. ज्या माणसाने लोकांना न्याय द्यायचा, त्याला एका कप चहासाठी प्रायश्चित्त!

मला या प्रकरणात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वादाचा सगळा भर चहा कोणाच्या घरी घेतला, कोणाच्या हातून घेतला यावर होता. कप हे निमित्त. पण पितळी पेला आपण आपल्या घरून नेऊ शकतो. मिशनमधला कप मिशनचाच, त्याआधी त्यातून कोण प्यायलं कोणास ठाऊक. कपबशी ही मुळात सगळ्यांची मिळून वापरायची वस्तू आहे. एकाने प्यायचं, विसळायचं, दुसऱ्याने प्यायचं. म्हणूनच तिची भीती.

आणि ही भीती ब्राह्मणांच्या आपापसातल्या ग्रामण्यापुरती असती तर आज तिच्यावर हसून सोडून दिलं असतं. रानड्यांना निदान प्रायश्चित्ताची वाट होती. गावातल्या महाराला, चांभाराला ती नव्हती. चहा १९०० नंतर हळूहळू खेड्यांत उतरला. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. तिसाव्या दशकापासून तर जोरातच. चहा सगळ्यांपर्यंत पोचला, कप पोचला नाही. शेतावर, घरावर राबायला आलेल्या अस्पृश्य माणसाला चहा मिळायचा तो करवंटीत. नाहीतर घरातला कान तुटलेला, टवका उडालेला कप त्याच्यासाठी वेगळा काढलेला असायचा. तो वळचणीला खोचलेला किंवा गोठ्याच्या कोनाड्यात. त्यानेच काढायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, प्यायचा, धुवायचा, परत तिथेच ठेवायचा. हे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिलेलं आहे आणि बऱ्याच घरांत केलेलंही आहे. गप्पांत सगळं निघतं, आगबोट निघते, शिमगा निघतो, ही वळचण निघत नाही.

हातखंब्याहून हाच रस्ता धरून उत्तरेला गेलं की महाड लागतं. तिथे २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. पाणी ओंजळीने प्यायचं असतं, त्याला भांडं लागत नाही. चहाला लागतं. रत्नागिरीत १९३३ मध्ये सावरकरांनी, तेव्हा ते जिल्ह्यात स्थानबद्ध होते, अखिल हिंदू उपहारगृह काढलं. तिथे चहा-फराळ द्यायला महार समाजातला माणूस ठेवला आणि भेटायला येणाऱ्याने आधी तिथला चहा घ्यावा असा आग्रह धरला. सावरकरांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचंय ते म्हणो (मलाही बरंच म्हणायचंय, पुन्हा कधीतरी), पण नेमकी जागा त्यांना कळली होती. भाषणाला माना डोलावणारा माणूस कप पुढे आला की काय करतो, हे बघायचं.

कायद्यालाही ती जागा कळली होती. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या चौथ्या कलमात उपहारगृहातल्या भांड्यांचा वेगळा उल्लेख आहे. नुसतं आत घेणं पुरेसं नाही, तिथली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा. देशाच्या कायद्यात भांडी यावी लागतात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. महाराष्ट्रातल्या अनेक चहाच्या दुकानांत त्यानंतरही वर्षानुवर्षं वेगळे कप होतेच, ही गोष्ट वेगळी.

तर संग्रहाकडे परत येतो. संग्राहकांच्या जगात कान तुटलेल्या, बशी नसलेल्या कपाला किंमत शून्य. पुस्तकं सांगतात की केसाएवढी चीर असली तरी भाव निम्म्यावर येतो, म्हणून बोटाने टिचकी मारून आवाज ऐकावा. अखंड भांडं खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. हे खरंच आहे, विकत घेताना मीही टिचकी मारतो. पण कोकणातल्या घरातून आलेल्या कपाला ही पट्टी लावली तर हाती काय उरतं? सोनेरी काठाचा अखंड कप म्हणजे पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेला, फारसा न वापरलेला. इतिहास घडला तो टाकाऊ कपाशी. आणि टाकाऊ म्हणूनच तो उरत नाही. कौलं उतरवली, वळचण गेली, कप उकिरड्यावर.

माझ्याकडे आता साठेक नग आहेत. त्यांची एक एक्सेल शीट आहे, इंजिनियर असल्याने ते ओघाने आलंच. कारखाना, छाप, नोंदणी क्रमांक, माती की बोन चायना, कुठे मिळाला. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा त्यात दोन रकाने वाढवले, 'घरात कुठे असायचा' आणि 'कोण प्यायचं'. पुण्याच्या बाजारातून घेतलेल्या मालासमोर ते रिकामे आहेत आणि रिकामेच राहणार. विकणाऱ्याला ते सांगता येत नाही. हातखंबा, पाली, नाणीज भागातल्या घरांतून मिळालेल्या अकरा नगांसमोर काहीतरी लिहिता आलं. चार माजघरातल्या फडताळातले, पाच पाहुण्यांसाठी ओटीवर काढायचे. एक आजोबांच्या औषधाचा. आणि एक, जॉन्सन ब्रदर्सचा, कान नसलेला. तो देणाऱ्या बाईंनी आधी 'असाच पडलेला होता' म्हणून सांगितलं. मग मी निघताना, चपला घालत असताना म्हणाल्या, तो गोठ्यातला.