मुंबई सिटी एफसी : नेरूळमध्ये जन्मलेला क्लब अंधेरीला कसा गेला? वाचा सगळा इतिहास

कळंबोली : सायन-पनवेल हायवेवरून वाशीकडे जाताना नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आपण सगळ्यांनीच पाहिलंय. आयपीएलमुळे ते क्रिकेटचं म्हणून ओळखलं जातं. पण मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबचं पहिलं घरचं मैदान हेच होतं, हे आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना माहीत नाही.

सुरुवात कशी झाली?

2014 मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल सुरू झाली. त्याच वर्षी हा क्लब उभा राहिला. अभिनेता रणबीर कपूर मालकांपैकी एक होता. पहिला सामना कोलकात्यात झाला आणि तो 0-3 ने गेला. मात्र 18 ऑक्टोबर 2014 ला नेरूळमधल्या पहिल्याच घरच्या सामन्यात पुणे सिटीचा 5-0 ने धुव्वा उडवला. ब्राझीलच्या आंद्रे मॉरिट्झने तीन गोल केले.

2015 मध्ये याच मैदानावर सुनील छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक केली. आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला.

अंधेरीला मुक्काम

2016 पासून क्लब अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात खेळू लागला. फुटबॉलवाले त्याला मुंबई फुटबॉल अरेना म्हणतात.

दोन्ही मैदानांत मोठा फरक आहे. नेरूळला चाळीस हजारांहून जास्त लोक बसतात, पण मैदान क्रिकेटसाठी गोल असल्याने प्रेक्षक खेळापासून लांब राहतो. अंधेरीत जेमतेम सात हजारांच्या आसपास जागा, पण खेळाडूंचा आवाजही ऐकू येतो. नव्या मैदानावर पहिल्याच वर्षी, दिएगो फोर्लान संघात असताना, मुंबई गुणतक्त्यात पहिली आली. सेमीफायनलला मात्र गाडी अडली.

ट्रॉफ्यांचा काळ

2019 मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला. 2020-21 चा हंगाम कोरोनामुळे पूर्ण गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. त्यात मुंबईने लीग शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. फायनलमध्ये 90व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला. पहिला कप आला, पण बघायला घरचा एकही प्रेक्षक मैदानात नव्हता!

2022-23 ला पुन्हा शील्ड मिळाली. 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच घरात 3-1 ने हरवून दुसरा कप आणला.

नेरूळला परत, पण पाहुण्यासारखं

एप्रिल 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवून मुंबईने एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. 2023-24 च्या चॅम्पियन्स लीगसाठी पुण्याचं बालेवाडी स्टेडियम घरचं मैदान झालं. फक्त सौदीच्या अल हिलालविरुद्धचा सामना 6 नोव्हेंबर 2023 ला नेरूळला झाला. नेमार दुखापतीमुळे खेळला नाही, मुंबई 0-2 ने हरली, तरीही स्टेडियममध्ये तुफान गर्दी होती.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

इतकी वर्षं झाली, तरी क्लबची दोन्ही मैदानं दुसऱ्यांच्या मालकीची. नेरूळचं डी. वाय. पाटील समूहाचं, अंधेरीचं मुंबई महापालिकेचं. मैदान हललं की प्रेक्षकाचा प्रवासही बदलतो.

मानसरोवरहून नेरूळ चौथं स्टेशन. अंधेरीला जायचं तर हार्बरने तास-सव्वा तासाहून जास्त, पुढे मेट्रोने आझाद नगर. रात्रीचा सामना संपल्यावर शेवटची लोकल गाठायची आणि स्टेशनवरून पुढे गावात रिक्षा शोधायची. शाळकरी पोराला घेऊन कोण जाणार?

नेरूळमध्ये फुटबॉल चालत नाही असंही नाही. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकाची सेमीफायनल आणि 2022 च्या मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकाची फायनल इथेच झाली. दारातल्या मैदानावर जगाचा फुटबॉल येऊन गेला. आपला क्लब मात्र बघायचा तर अंधेरी गाठावी लागते.

जाणार असाल तर निघण्याआधी सामन्याचं ठिकाण आणि परतीच्या लोकलची वेळ नक्की तपासा.