शिक्का आणि विश्वास

सुटून आलेला माणूस पुन्हा गुन्हा का करतो, हा आजचा प्रश्न. आपलं उत्तर ठरलेलं असतं: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. म्हणजे दोष त्याच्या स्वभावातच. या उत्तरालाही एक इतिहास आहे, तो आधी पाहू.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीच गुन्हेगार! नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. पुढे १८७६ मध्ये इटलीतील डॉक्टर लोंब्रोसो यांनी, गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखू येतो, असा सिद्धान्त मांडला. इकडे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड, मुलं जन्मली ती हा शिक्का घेऊनच. आता बघा, ज्याला सारं जग चोर म्हणतं त्याला काम कोण देणार? हळूहळू तोही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो. म्हणजे शिक्का आधी, खोड नंतर.

बालपणातली मारहाण, व्यसन, रागावर ताबा नसणं ही कारणंही खरीच. ती आम्ही नाकारत नाही. पण त्यांच्यावर इलाज करता येतो. जन्मावर कसला इलाज करणार?

याचं उलट उदाहरण आपल्याच मातीत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना. तुरुंगाच्या भिंती नाहीत. कैद्याने शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत.

आम्ही वर्गात ॲरिस्टॉटल शिकवताना सांगत असू, की न्यायाची कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो. स्वतंत्रपुरात नेमकी तशी कृत्यं करायला जागा मिळाली. पळून जाता येत असूनही न पळणं, हा तिथला रोजचा धडा.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो जुना कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या. कागदावरचा शिक्का पुसला. मनातला पुसला का? उद्या शिक्षा भोगून आलेला एखादा माणूस आपल्या दारी काम मागायला येईल. तेव्हा त्याचा स्वभाव तपासण्याआधी आपण आपली नजर तपासावी, एवढंच आमचं सांगणं.