सॉफ्टवेअरची बांधणी : रिकाम्या जागेचा घोटाळा

मूळ प्रोग्रामपासून चालविण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रक्रियेस 'बिल्ड' म्हणतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केलेले 'मेक' हे त्यासाठीचे जुने आणि आजही वापरात असलेले साधन होय. मेक आपल्या आज्ञा 'शेल'च्या हवाली करते आणि पहिला घोटाळा तेथेच संभवतो.

शेल रिकाम्या जागेवर ओळ तोडून शब्द वेगळे करते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनविभागांच्या नोंदींचा प्रोग्राम तयार होत आहे, असे समजा. त्यात 'ब्रह्मपुरी' आणि 'ब्रह्मपुरी वनविभाग' अशी दोन फोल्डर आहेत. दुसरे पुसण्याची आज्ञा अवतरणचिन्हांविना दिली, तर शेल त्या नावाचे दोन तुकडे करते. परिणामी दुसरे फोल्डर तसेच राहते आणि पहिल्यातील नोंदी नाहीशा होतात. दोष देवनागरी अक्षरांचा नसून रिकाम्या जागेचा असतो.

हा धोका काल्पनिक नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या 'आयट्यून्स २'च्या इन्स्टॉलरमधील अशाच चुकीमुळे काही वापरकर्त्यांच्या डिस्कवरील माहिती पुसली गेली होती. त्यानंतर कंपनीने सुधारित आवृत्ती दिली.

यावर उपाय सोपा आहे. नाव साठविलेले चल दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे. त्यामुळे चलाची किंमत मिळते, पण तिचे तुकडे होत नाहीत. एकेरी चिन्हांत मजकूर जसाच्या तसा राहतो, म्हणून तेथे चलाची किंमत मिळत नाही. मेकच्या फाइलीत शेलच्या चलासाठी डॉलरचे चिन्ह दोनदा द्यावे लागते. फाइलींच्या यादीतील रिकामी जागा मात्र मेकलाही पेलत नाही. अशा नावांत अधोरेषा वापरणे श्रेयस्कर.

दुसरी अडचण हेडर फाइलींची. फंक्शनची ओळख कंपायलरला या फाइलींतून होते. एक हेडर दुसऱ्याला आपोआप आणत असल्यास आवश्यक उल्लेख गाळला तरी काम निभावते. कंपायलर बदलताच मात्र बिल्ड अडते. २०२३ च्या 'जीसीसी १३'मध्ये काही हेडर असे आपोआप येणे थांबले. २०२४ च्या 'जीसीसी १४'ने सी भाषेत ओळख न दिलेले फंक्शन वापरणे ही सूचनेऐवजी थेट चूक ठरविली. म्हणून लागणारे प्रत्येक हेडर स्वतंत्रपणे नमूद करावे.

दोन्ही दोषांचे मूळ गृहीत धरण्यात आहे. एका संगणकावर जे चालते, ते दुसऱ्यावर चालेलच असे नाही. सॉफ्टवेअर इतरांना देण्यापूर्वी त्याची प्रत नव्या कंपायलरवर बांधून पाहणे हिताचे ठरते.