चिखलातला पहारेकरी

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी भोसरीला मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. तिथे वॉटरजेटवर स्टीलची जाड प्लेट कापणं चाललं होतं. नोझलशेजारच्या हाइट सेन्सरला ऑपरेटरकाकांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला होता. मी हसलो, तर म्हणाले, "साहेब, हा एवढासा भाग सांभाळला की मशीन सांभाळलं!" घरी येऊन या यंत्राचा इतिहास वाचत बसलो आणि हसू जिरलं.

पाण्याने कापायची कल्पना आली लाकडावरून. १९५० च्या दशकात नॉर्मन फ्रान्झ या वनशास्त्राच्या अभ्यासकाने पाण्यावर जड वजनं टाकून ते बारीक भोकातून बाहेर काढलं. क्षणभरच का होईना, त्या धारेने लाकूड कापलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच धार कारखान्यात कागदाच्या नळ्या कापू लागली. नुसत्या पाण्याची धार बरंच अंतर एकसंध राहते, त्यामुळे नोझल जरा वर-खाली झालं तरी चालून जायचं.

मग आले मोहम्मद हाशिश. १९७९ पासून अमेरिकेतल्या फ्लो रिसर्चमध्ये त्यांनी धारेत वाळूसारखी कठीण पूड मिसळायचे प्रयोग केले आणि शेवटी गार्नेट कामी आलं. (आपले ज्योतिषी अंगठीत घालायला सांगतात तो गोमेद याच कुळातला!) आता पोलाद, काच, काँक्रीट, सगळंच कापता येऊ लागलं. १९८३ च्या सुमारास मोटारींच्या काचा अशा कापल्या जाऊ लागल्या.

पण इथेच गोम आहे. गार्नेटची धार बाहेर पडल्या पडल्या फाकायला लागते. म्हणून नोझल प्लेटपासून दोन-तीन मिलिमीटरवरच ठेवायचं. प्लेट कुठे सपाट असते? मग उंची मोजणं आलं. प्लाझ्मा कटिंगमध्ये ठिणगीच्या व्होल्टेजवरून अंतर कळतं, इथे ठिणगीच नाही. म्हणजे प्लेटवर टेकणारा एखादा 'पाय' किंवा लेझर, आणि तोही ऐन फवाऱ्यात! सगळ्यात वाईट क्षण पहिलं भोक पाडण्याचा. धारेला खाली वाट नसते, म्हणून सुमारे ४००० बार दाबाने निघालेलं पाणी गार्नेटसकट उलटं उसळतं.

लेझरची काच तुषारांनी आंधळी होते. पाय गाळात अडकला तर आणखी वाईट, कारण तो गप्प बसत नाही, एकच आकडा सांगत राहतो. सॉफ्टवेअर बिचारं विश्वास ठेवतं, पुढे प्लेट वर आलेली असते आणि नोझल धाडकन आपटतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं!

यावर उपाय बरेच निघाले. रबरी झालर, घडीचं आवरण, आत सतत थोडी कोरडी हवा सोडणं, प्लेट पाण्याखाली बुडवून कापणं. मला सगळ्यात आवडला तो आपल्या जातीचा उपाय: कापण्याआधी ठिकठिकाणी उंची मोजायची, पृष्ठभागाचा नकाशा करायचा, सेन्सर वर उचलून घ्यायचा आणि मग नकाशावरून कापायचं. १९९० च्या दशकात साधे पीसी या यंत्रांवर आले आणि असलं गणित सोपं झालं.

अर्थात नकाशा म्हणजे कॅशेच की! कापता कापता एखादा तुकडा पट्ट्यांवरून कलंडून वर आला की तो शिळा. म्हणून काही यंत्रांत नोझलचं डोकं धक्का बसताच निखळून यंत्र थांबेल असं बसवतात.

निघताना पाहिलं तर काका स्वच्छ पाण्याने सेन्सर धूत होते आणि पाय बोटाने वर-खाली करून बघत होते. सोमवारी ऑफिसात आमच्या मॉनिटरिंगचा एक आलेख तासभर एकाच आकड्यावर होता. टीम खूश होती. मी म्हटलं, "थांबा, आधी पाय अडकलाय का ते बघू."

अडकला होता.