सामन्याची रात्र आणि तांबडा-पांढरा

कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हटले जाते ते राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला दिलेल्या आश्रयामुळे. खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. मात्र या शहराच्या पेठांनी फुटबॉललाही तितकाच जीव लावला आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावांतील ‘तालीम’ हा शब्दच दोन्ही खेळांचे नाते सांगतो. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्यासह हे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरले की पेठा ओस पडतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मोठ्यांच्या विश्वचषकातही गल्लोगल्ली अर्जेंटिना आणि ब्राझीलचे ध्वज फडकतात.

अशा सामन्याच्या रात्री घरी मित्रमंडळी जमली, तर जेवणाचा बेत वेगळा ठरवावा लागत नाही. सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी आणि भात हे ताट ठरलेलेच असते. वर्गणी काढून शेतात किंवा नदीकाठी तीन दगडांच्या चुलीवर मटण शिजवणारी मित्रांची टोळी, म्हणजे ‘रस्सा मंडळ’, ही तर कोल्हापूरची खास संस्थाच आहे. घरच्या बेतात मात्र एक अडचण उरते. पंधरा माणसे टीव्हीपुढे बसतात आणि घरातील एक-दोन माणसे, बहुधा स्त्रिया, तव्यापुढे उभ्या राहतात. ज्यांनी रांधले त्यांना गोल दिसत नाही, केवळ आरोळी ऐकू येते. म्हणून या बेताचे खरे कौशल्य मसाल्याइतकेच वेळापत्रकात आहे.

<b>वार आणि वेळ</b>

आमंत्रण देण्याआधी वार पाहावा. कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे दिवस मानले जातात. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि श्रावण अनेक घरांत पाळला जातो. काही घरांत जोतिबाचा रविवारही पाळतात. पाहुण्यांना हे आधी विचारलेले बरे.

त्यानंतर सामन्याची वेळ पाहावी. फुटबॉलचा सामना ४५ मिनिटांच्या दोन भागांत होतो आणि मध्ये १५ मिनिटांची विश्रांती असते. बाद फेरीत बरोबरी झाली तर ३० मिनिटे जादा, आणि तरीही निकाल न लागल्यास पेनल्टी. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील अंतिम सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला सुरू झाला. तो पेनल्टीपर्यंत लांबला आणि अकरा वाजून गेले. जेवण ‘सामना संपल्यावर’ ठेवले असेल, तर हा जादा वेळ हिशेबात धरावा. मुले आणि वृद्ध यांची पाने सामन्यापूर्वीच वाढावीत.

<b>आदल्या दिवशीची तयारी</b>

तांबड्या रश्श्याचा प्राण म्हणजे कांदा-लसूण मसाला. कोल्हापुरात त्याला नुसते ‘चटणी’ म्हणतात आणि ती उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवतात. तिच्यात तिखटासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी मिरची वापरण्याची पद्धत आहे. संकेश्वरी मिरचीचा बाजार भरणारे गडहिंग्लज हे गावही फुटबॉलवेडे आहे, हा योगायोग मोठा गमतीचा.

दहा माणसांसाठी तांबड्याचे वाटण असे करावे. तीन मोठे कांदे उभे चिरून आणि एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस तेलावर खरपूस भाजावा. दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस आणि दोन चमचे धणे कोरडे भाजून घ्यावेत. एक गड्डा लसूण, दोन इंच आले आणि मूठभर कोथिंबीर घालून सर्व बारीक वाटावे. हे वाटण आदल्या दिवशी करून थंड जागी ठेवता येते. पांढऱ्याचे वाटण मात्र त्याच दिवशी करावे.

<b>अळणी</b>

दोन किलो बकऱ्याचे मटण हाडांसह घ्यावे. पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून चार चमचे आले-लसणाचे वाटण, मीठ आणि चिमूटभर हळद घालावी. हळद जास्त झाली तर पांढरा रस्सा पिवळा होतो. मटण घालून पाणी सुटेपर्यंत परतावे आणि वर पाण्याने भरलेले ताट झाकावे. ताटातले तापलेले पाणीच पुढे आत ओतावे. एकूण चार लिटर गरम पाणी लागेल. मंद आचेवर तास-सव्वा तासात मटण शिजते. मटण काढून घेतल्यावर उरते ते ‘अळणी’. दोन्ही रश्श्यांचा पाया हाच. सामना सुरू होण्यापूर्वी कपातून गरम अळणी दिली, तर भूकही राखली जाते आणि मुलांनाही तिखट लागत नाही.

<b>तांबडा आणि सुके</b>

पातेल्यात एक वाटी तेल तापवून वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. मग आच बंद करून चार ते पाच चमचे चटणी घालावी. कडक आचेवर चटणी करपते, रंग काळवंडतो आणि रस्सा कडवट होतो. चटणी तेलात मिसळल्यावर पुन्हा आच लावून दीड ते दोन लिटर गरम अळणी ओतावी. थंड अळणी ओतल्यास तवंग नीट येत नाही. दहा मिनिटे उकळू द्यावे. याच वाटणातील एक तृतीयांश भाग बाजूला काढून त्यात चटणी आणि शिजलेले मटण परतले, की सुके तयार होते.

<b>पांढरा</b>

दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ आणि पंधरा काजू भिजवून गंधासारखे वाटावेत. एका मोठ्या नारळाचे पहिले घट्ट दूध वेगळे ठेवावे. दुसरे पातळ दूध वेगळे. तुपात चार लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे, चार वेलदोडे, दहा मिरे आणि तीन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या टाकाव्यात. वाटण रंग न बदलता परतावे. त्यात दीड लिटर अळणी व पातळ दूध घालून उकळी आणावी. घट्ट दूध अगदी शेवटी घालावे आणि त्यानंतर रस्सा खळखळून उकळू नये, नाहीतर तो फाटतो.

सामन्याच्या रात्री नेमकी येथेच चूक होते. जेवणाची वेळ लांबते, रस्सा पुन्हापुन्हा तापवला जातो आणि फाटतो. म्हणून घट्ट दूध पाने मांडताना घालावे. नारळाच्या दुधाचा रस्सा उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. उरलेला रस्सा लहान भांड्यांत लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा.

<b>शाकाहारी पाहुण्यांसाठी</b>

एकाच रश्श्यातील फोडी वगळून वाढणे हा पर्याय नव्हे. आदल्या दिवशीच्या वाटणातून एक वाटी वेगळी काढावी आणि स्वतंत्र पातेल्यात, स्वतंत्र पळीने अख्खा मसूर करावा. चटणी तीच असल्याने चवीत उणेपणा राहत नाही.

<b>भाकरी कोणी करायची?</b>

भाकरी तव्यावरून ताटात पडावी हे खरे. परंतु पंधरा माणसांना प्रत्येकी दोन धरल्या तरी तीस भाकऱ्या होतात. सामना चालू असताना त्या थापणाऱ्याचा सामना बुडतो. यावर तीन उपाय आहेत. भाकऱ्या सामन्यापूर्वी करून स्वच्छ सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. भाकरी करून देणाऱ्या महिला बचत गटाकडे आगाऊ मागणी नोंदवावी. किंवा भाकरी कमी करून भाताचे प्रमाण वाढवावे. विश्रांतीच्या १५ मिनिटांत भडंग, कांदा आणि लिंबू पुढे केले तरी पुरते. त्या वेळी भजी तळायला घेऊ नयेत.

रस्सा मंडळात कांदा चिरणारा, आच सांभाळणारा आणि भांडी घासणारा आधी ठरतो, आणि ही कामे पुरुषच करतात. हीच वाटणी घरी आणावी. दुपारी चारला अळणी चुलीवर, साडेसहाला तांबडा व सुके, सातला पांढऱ्याची उकळी, साडेसातला भाकऱ्या, सव्वाआठला गॅस बंद. मग रांधणाऱ्यांसकट सर्वांना पहिल्या शिट्टीपासून सामना पाहता येतो.